चिकटवलेला कॅरोलाइट घ्या, पण सांगून चिकटवलेला

हा रिव्ह्यू दोन दगडांचा आहे. दोन्ही कॅरोलाइट, दोन्ही काँगोतल्या कमोया खाणीचे, दोन्हींचे पैसे माझ्याच खिशातून गेलेत आणि दोन्हींमधला क्रिस्टल गोंदाने चिकटवलेला आहे. पहिल्याला मी एक स्टार देतोय, तोही क्रिस्टलला, विकणाऱ्याला नाही. दुसऱ्याला साडेचार. आणि लांबून बघितलं तर पहिलाच जास्त देखणा दिसायचा, हे पण आधीच कबूल करून टाकतो.

कॅरोलाइट म्हणजे काय ते थोडक्यात. तांबं, कोबाल्ट आणि गंधक यांचं खनिज, वजनात साधारण ३८ टक्के कोबाल्ट, २० टक्के तांबं, बाकी गंधक. नाव पडलं १८५२ साली, अमेरिकेतल्या मेरिलँडमधल्या कॅरोल काउंटीवरून, पण शोकेसमध्ये ठेवावेत असे क्रिस्टल तिथले नाहीत, ते सगळे येतात काँगोच्या दक्षिणेकडच्या कटांगा भागातून, आणि त्यातही कांबोव्हेजवळच्या कमोयामधून. दोन पिरॅमिड पायाला पाया लावून जोडले की जो आठ बाजूंचा आकार होतो तो, कोपरे कधीकधी सपाट कापल्यासारखे, रंग स्टीलचा आणि चमक म्हणाल तर अक्षरशः आरसा. आणि हा आरसा बसलेला असतो पांढऱ्याशुभ्र कॅल्साइटमध्ये. कोल्हापूरला फाउंड्रीत असलेला माझा मेव्हणा पहिल्यांदा बघून म्हणाला, बेअरिंगची गोळी ग्राइंडरवर धरून चौकोनी केलीये का रे? त्याला शपथेवर सांगितलं की बाबा, हे जमिनीतून असंच निघतं, तरी त्याचा विश्वास बसला असं मला वाटत नाही.

आता मी ह्या नादाला कसा लागलो, तर मी पुण्याचा, लहानपणी खराडीला राहायचो, आणि सायकल मारत वाघोलीच्या खाणींवर जायचो. तिथे सुरुंग लावून काळा दगड फोडायचे, तो खडी क्रशरला जायचा, आणि त्या काळ्या दगडाच्या पोकळीत कधी पांढरं, कधी पीच रंगाचं स्टिल्बाइट, आणि नशीब असेल तर निळंजर्द कॅव्हनसाइट. ते खनिज पहिल्यांदा सापडलं अमेरिकेत ऑरेगनला, पण जगातलं सगळ्यात भारी कॅव्हनसाइट आपल्या वाघोलीचं, हे मला जर्मनीत आल्यावर कळलं. शाळेत असताना ते आमच्यासाठी नुसती निळी गारगोटी होती. आपल्या बेसाल्टात रंगीत, पारदर्शक, मोत्यासारखं सगळं मिळतं, पण धातूची चमक असलेलं जवळजवळ काही नाही, म्हणूनच असेल, मला इथे येऊन वेड लागलं ते ह्या धातूवाल्या लोकांचं. बूर्नोनाइट, स्कुटेरुडाइट, कॅरोलाइट. बायको म्हणते की घरात आधीच स्टीलचे डबे आहेत की.

पहिला दगड. ऑनलाइन घेतला, २४० युरोला. दुकानाचं नाव घेत नाही. लिस्टिंगमध्ये व्हिडिओ होता, दगड काळ्या कापडावर गोल गोल फिरतोय, वरून एलईडीचा झोत, १८ मिलीमीटरचा क्रिस्टल एकदम मधोमध, सगळ्या बाजूंनी सारखाच उठून दिसणारा, आणि खाली कॅल्साइट जणू पाटावर मांडलाय. खाली लिहिलेलं, "परफेक्ट, नो डॅमेज". मी तेव्हा नवखा होतो, तीन सेकंदात बाय बटण दाबलं.

इथे एक गोष्ट नवीन लोकांनी लक्षात घ्या. आरशासारख्या खनिजाचा फोटो हा खोटं बोलतोच, मुद्दाम नाही केलं तरी. क्रिस्टलचा पृष्ठभाग समोर जे असेल ते दाखवतो, काळं कापड असेल तर काळा, पांढरा डबा असेल तर पांढरा, त्यामुळे फोटोत एक तर पूर्ण काळा ठोकळा दिसतो नाहीतर पूर्ण पांढरा, कडांना लागलेले टवके, ओरखडे सगळं त्यात गुडूप. फिरता व्हिडिओ त्यातल्या त्यात बरा, कारण प्रकाश पृष्ठभागावरून सरकतो तेव्हा खड्डा असेल तर तिथे चमक तुटते. पण व्हिडिओत क्रिस्टल आणि कॅल्साइट जिथे भेटतात ती रेघ दिसत नाही, आणि सगळी गोम त्या रेघेत असते.

दगड आला, शोकेसमध्ये ठेवला, महिना दीड महिना मी खूश. मग एकदा ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही टॉर्च घेतला होता दुसऱ्याच कामासाठी, सहज म्हणून सगळ्या शोकेसवर फिरवला, आणि कॅरोलाइटच्या भोवती निळसर पांढरं कडं पेटलं. अगदी गोल. क्रिस्टलला आठ बाजू आणि त्याच्याभोवतीचं कडं गोल, म्हणजे काहीतरी शिजतंय एवढं तर मलाही कळलं. बरेचसे इपॉक्सी गोंद असे चमकतात, पण काही कॅल्साइट पण यूव्हीखाली चमकतो, त्यामुळे नुसत्या टॉर्चवरून निकाल लावू नका, दहा पट लूप, म्हणजे डोळ्याला लावायचं छोटं भिंग, घेऊन बघा. मी बघितलं, तर क्रिस्टलच्या बुडाशी कॅल्साइटचा बारीक चुरा गोंदात कालवून लिंपलेला होता, शेणाने भिंत सारवतात ना तसा, आणि बाकीचा कॅल्साइट मात्र स्वच्छ फुटलेला, तिरक्या चकचकीत पायऱ्यांचा.

मेल केला. उत्तर आलं की परत करायची १४ दिवसांची मुदत संपली आहे आणि "नैसर्गिक वस्तू असल्याने थोडाफार फरक असणारच". बरोबर आहे, इपॉक्सी निसर्गातच उगवते ना. मी दगड तीन दिवस ॲसिटोनमध्ये ठेवला, झाकण घट्ट लावून, बाल्कनीत, गोंद मऊ पडला, टूथपिकने निघाला आणि क्रिस्टल हातात आला. खालच्या खड्ड्यात ड्रिलच्या गोल गोल रेघा. म्हणजे क्रिस्टल एका ठिकाणचा, कॅल्साइट दुसऱ्याच कुठल्या तुकड्याचा, त्यात मशीनने भोक पाडून हा वर बसवलेला. लग्न लावलं म्हणा ना, पत्रिका न बघता. क्रिस्टल खरा आहे, कमोयाचाच दिसतोय, म्हणून तो एक स्टार.

ह्यावर लोक म्हणतील की मग चिकटवलेलं घ्यायचंच नाही. तेच चुकतं, आणि त्यासाठी हे क्रिस्टल बाहेर कसे येतात ते माहीत पाहिजे. आपल्याकडच्या स्टिल्बाइटसारख्या झिओलाइट खनिजांसारखे ते मोकळ्या पोकळीत उभे वाढलेले नसतात, ते बहुतेक वेळा कॅल्साइटच्या शिरेत पूर्ण गाडलेले असतात, बर्फीत पिस्ता असतो तसे. वरचा कॅल्साइट काढल्याशिवाय काही दिसतच नाही. मग कोणी बारीक छिन्नीने, कोणी हवेवर चालणाऱ्या पेनासारख्या हत्याराने कोरतो, कोणी ॲसिडमध्ये बुडवतो, कॅल्साइट विरघळतो आणि कॅरोलाइट सौम्य ॲसिडला दाद देत नाही. ॲसिडवाला दगड ओळखायचा तर कॅल्साइट बघा, तो साबणाच्या वापरलेल्या वडीसारखा गुळगुळीत, मेणचट दिसतो. आणि ह्या सगळ्या खटपटीत क्रिस्टल सुटून पडणं हे रोजचं आहे. कॅल्साइटचा कठीणपणा ३, कॅरोलाइटचा साधारण ५, दोघांची पकड फार नसते. सुटलेला क्रिस्टल त्याच्याच जागी परत बसवला तर त्याला रिपेअर म्हणतात, तुटलेला कोपरा रेझिनने बनवून दिला तर रिस्टोरेशन, आणि माझ्या पहिल्या दगडासारखं इकडचं तिकडे बसवलं तर ती सरळ सरळ फसवणूक. पहिल्या दोन गोष्टी सांगून केल्या तर कोणी काही म्हणत नाही, किंमत कमी होते इतकंच.

स्पेनच्या नावाहुनचे ते पायराइटचे एकदम काटकोनी क्यूब माहीत असतील, मातकट दगडात बसलेले, त्यातलेही पुष्कळ सुटून परत चिकटवलेले असतात आणि कित्येक विक्रेते ते आपणहून सांगतात, ताकाला जाऊन भांडं लपवत नाहीत. नवखा असाल तर तिथून सुरुवात करा, स्वस्त पण आहेत.

तर दुसरा दगड. हा घेतला म्युनिकच्या मिनरल शोमध्ये, ऑक्टोबरच्या शेवटी असतो, १९६४ पासून चालू आहे. यू२ मेट्रोने मेसेश्टाटला उतरायचं, पूर्वी तिथे म्युनिकचा विमानतळ होता, आता प्रदर्शनाचे हॉल. शोबद्दल वेगळं काय लिहू, पाय दुखतात, कॉफी महाग आहे, आणि कॅश जवळ ठेवा कारण कार्ड सगळीकडे चालत नाही आणि कॅश बघून किंमत पण थोडी नरम होते. भारतीय स्टॉल भरपूर असतात, सगळे आपल्याच दगडांचे, जळगाव, नाशिक, पुणे. एका स्टॉलवर संभाजीनगरकडचे एक काका भेटले, मी मराठीत बोललो तर थर्मासमधला चहा पुढे केला आणि म्हणाले, "अहो, तुम्ही इकडं राहून ते आफ्रिकेचं लोखंड कशाला गोळा करता, आमचं हिरवं अपोफिलाइट बघा." घेतलं एक छोटं, चहा प्यायलोय म्हणल्यावर नाही कसं म्हणणार. आणि दगड खरंच छान आहे, पण त्याचा रिव्ह्यू इथे नाही.

कॅरोलाइट एका म्हाताऱ्या विक्रेत्याकडे होते, काँगोचा जुना माल ठेवणारा, टेबलावर फक्त तीस पस्तीस तुकडे, फिरतं स्टँड नाही, झगमग लाइट नाही, एक साधा टेबल लॅम्प. मी एक उचलला, अंगठ्याच्या पेराएवढा, ज्याला थंबनेल साइज म्हणतात, म्हणजे इंचभराच्या डबीत मावणारा, क्रिस्टल १४ मिलीमीटर. मी तोंड उघडायच्या आत त्याने सांगितलं की हा क्रिस्टल साफ करताना सुटला होता, मीच परत बसवलाय, लेबलवर बघा. लेबलवर खाण, कांबोव्हे, कटांगा, सगळं हाताने लिहिलेलं आणि कोपऱ्यात "रिपेअर्ड". मग त्याने लूप दिला आणि क्रिस्टलच्या एका बाजूला जिथे कॅल्साइट जरा मागे कोरलाय तिथे बघायला लावलं. तिथे कॅल्साइटमध्ये क्रिस्टलच्या बाजूचा ठसा होता, सपाट, काटेकोर, आणि क्रिस्टलवर जी बारीक पायरी आहे तीच पायरी ठशात उलटी. करंजीच्या साच्यात करंजी ठेवल्यासारखी. हे कुणाला ड्रिलने करता येणार नाही. गोंदाचा टिपका आतमध्ये आहे, बाहेर काही लिंपलेलं नाही, भेगेची केसाएवढी रेघ दिसते आणि ती त्याने लपवायचा प्रयत्नही केलेला नाही.

किंमत १३०. शेजारीच साधारण तेवढाच, न सुटलेला, ३६० ला होता. दोन्ही हातात घेऊन पंधरा मिनिटं बघत बसलो, माणूस काही बोलला नाही, आपलं सँडविच खात होता. मी १३० वाला घेतला. १२० मागितले तर नाही म्हणाला, पण डबी फुकट दिली.

आता साडेचारच का, अर्धा का कापला. एका कोपऱ्यावर लहानसा टवका आहे जो त्याने सांगितला नव्हता, लूपशिवाय दिसत नाही, कदाचित त्यालाही दिसला नसेल, पण मी आता कडक झालोय. आणि एक बाजू बाकीच्यांपेक्षा मंद आहे, तिच्यावर किंचित तांबूस जांभळी झाक आली आहे. कॅरोलाइट हवेत हळूहळू असा रंगतो, काहींना ते आवडतं, मला नाही. बाकी सहा सात बाजू मात्र अशा आहेत की खिडकीसमोर धरला तर त्यात खिडकीची चौकट दिसते, तावदानासकट. सकाळी साडेआठच्या सुमारास इथे हिवाळ्यात तिरका उजेड येतो तेव्हा बघायचा, एलईडीखाली त्याची निम्मी मजा जाते.

दोन वर्षं झाली, सांभाळायला त्रास नाही. पाण्याने धुवू नका, बोटाने क्रिस्टलला हात लावू नका कारण घामाचा डाग आरशावर कायमचा बसू शकतो, कॅल्साइटला धरून उचला. डबीत सिलिका जेलची पुडी ठेवलीये. पुण्यात ठेवणार असाल तर जून ते सप्टेंबर ती पुडी बदलत राहा, गंधकाची खनिजं आणि आपला पावसाळा यांचं पटत नाही, मार्कासाइट तर भुगाच होतो, कॅरोलाइट एवढा नाजूक नाही पण चमक कशाला घालवा.

एक गोष्ट मात्र विकणारे सहसा बोलत नाहीत, मी बोलतो. जगातला सुमारे ७० टक्के कोबाल्ट काँगोतून येतो, तुमच्या माझ्या फोनच्या बॅटरीत तोच असतो, आणि तिथे मोठ्या कंपन्यांबरोबर हाताने खणणारे लोक पण आहेत, फ्रेंचमध्ये त्यांना क्रझर म्हणतात, खणणारे. त्यात लहान मुलंही राबतात हे २०१६ मध्ये ॲम्नेस्टीच्या रिपोर्टने जगासमोर मांडलं. दगड नेमका कोणी काढला हे कळायला मार्ग नाही. मी म्हाताऱ्याला विचारलं, तो म्हणाला माझा माल बऱ्याच वर्षांपूर्वी तिथल्या एका दगड जमवणाऱ्याकडून घेतलेला आहे. खरं खोटं मला तपासता येत नाही. एवढं माहीत आहे की स्पेसिमेन म्हणून कोणी बाजूला काढला नसता तर तो क्रशरमध्ये जाऊन त्याची पावडर झाली असती, आणि वाघोलीच्या कितीतरी निळ्या गारगोट्यांचं तेच झालं, रस्त्याखाली खडी म्हणून पडल्यात त्या.

कोबाल्ट हे नाव पण बघा कसं आहे. जर्मनीत साक्सनीच्या खाणींमध्ये जुन्या काळी असं खनिज निघायचं की दिसायला चांदीचं, भट्टीत घातलं तर चांदी नाही, तांबं नाही, वर विषारी धूर, कारण त्यात आर्सेनिक. खाणकामगार म्हणायचे ही कोबोल्डची करणी, म्हणजे खाणीत राहणारं खोडकर भूत, आपल्याकडे चकवा लागतो म्हणतात त्यातलाच प्रकार. १७३५ च्या सुमारास स्वीडनच्या गेऑर्ग ब्रांटने दाखवलं की हा वेगळाच धातू आहे, पण नाव भुताचंच राहिलं. मला पहिल्या दगडाने जे केलं ते बघता नाव चुकीचं नाही.

घ्यायचा विचार असेल तर माझ्या मते १०० ते १५० युरोत रिपेअर्ड थंबनेल हा सगळ्यात चांगला सौदा आहे. न सुटलेल्यासाठी दुप्पट तिप्पट द्यायची तयारी असेल तर लेखी मागा की "नॉट रिपेअर्ड" आहे, मेलमध्ये का होईना. लेबलवर नुसतं "काँगो" असेल आणि खाणीचं नाव विचारल्यावर समोरचा इकडे तिकडे बघायला लागला तर पुढच्या टेबलाकडे चला. क्रिस्टल कॅल्साइटच्या बरोब्बर मधोमध, टोक वर करून, देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखा बसलेला असेल तर जास्त वेळ बघा. आणि ऑनलाइनच घ्यायचा असेल तर दगड आल्या दिवशी टॉर्च मारा, माझ्यासारखं दीड महिन्याने नाही.

पहिल्या दगडाचं काय झालं म्हणाल तर मी त्याचा घटस्फोट केला. क्रिस्टल एकटाच डबीत आहे, नवीन लेबल लिहिलंय, "सुटा क्रिस्टल, बहुधा कमोया, खोट्या मॅट्रिक्समधून काढलेला", मॅट्रिक्स म्हणजे क्रिस्टल ज्यात बसलेला असतो तो खालचा दगड. भोक पाडलेला कॅल्साइट टेबलावर आहे, त्यात पेन्सिल बरोबर उभी राहते.